लेव्हल २ एडास: महाराष्ट्राच्या रस्त्यांवर काय चालतं आणि काय दगा देतं

नवी गाडी घेताना एडाससाठी, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या कॅमेरा-रडारच्या यंत्रणेसाठी, टॉप मॉडेलपर्यंत जावं का? आमचं उत्तर हो असं आहे. फक्त शोरूममध्ये ज्या करामतीसाठी ते विकलं जातं, तिच्यासाठी जाऊ नये. टेस्ट ड्राइव्हला विक्रेता दाखवतो ते आपोआप वळणारं स्टिअरिंग. जीव वाचवणारी कामं तीन आहेत: आपत्कालीन ब्रेक, ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्याचा) इशारा आणि रिव्हर्स घेताना आडव्या येणाऱ्या वाहनाचा इशारा. टेस्ट ड्राइव्हमध्ये ही तिन्ही सहसा दिसतच नाहीत.

भारतात आलिशान ब्रँडच्या गाड्यांबाहेर ही सामग्री २०२० साली एमजी ग्लॉस्टरबरोबर आली. २०२१ मध्ये एमजी अ‍ॅस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मुळे ती मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळ पोचली, जानेवारी २०२४ च्या नव्या क्रेटाने ती गल्लोगल्ली नेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये होंडा अमेझने १० लाखांच्या आत आणली. ह्युंदाई तिला स्मार्टसेन्स म्हणते, होंडा सेन्सिंग म्हणते, टोयोटा सेफ्टी सेन्स म्हणते. पातळी सहसा एकच, दुसरी. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने शून्य ते पाच अशा पातळ्या ठरवल्या आहेत. दुसऱ्या पातळीवर गाडी वेग आणि स्टिअरिंग एकाच वेळी सांभाळू शकते, पण रस्त्यावर नजर ठेवायचं काम पूर्णपणे चालकाचं असतं. गाडीने वेळेत ब्रेक लावला नाही तर चूक चालकाची धरली जाते. मोटार वाहन कायदा १९८८ चालकालाच ओळखतो.

एक गैरसमज इथेच दूर करू. भारत एनसीएपी या गाड्यांच्या सुरक्षा चाचणी योजनेचे तारे डिसेंबर २०२३ पासून मिळू लागले, ते धडकेच्या चाचण्यांवर. गाडीला पाच तारे आहेत म्हणून तिचा आपत्कालीन ब्रेकही पाच ताऱ्यांचा आहे, असं समजू नये.

आत काय असतं

आरशामागे, पुढच्या काचेला चिकटवलेला एक कॅमेरा. खालच्या जाळीत किंवा कंपनीच्या चिन्हामागे ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करणारा रडार. मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत दोन छोटे रडार. समोर काय आहे ते कॅमेरा ओळखतो: मोटार, माणूस, पांढरी रेघ. ते किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येतंय हे रडार अचूक मोजतो. दोघांची मतं जुळली की गाडी जोरात ब्रेक मारते. एकालाच काही दिसलं तर बऱ्याच प्रणाली नुसता इशारा देतात किंवा हलका ब्रेक लावतात.

म्हणून घेण्याआधी पहिला प्रश्न हा विचारा: पुढे रडार आहे का, की एकट्या कॅमेऱ्यावर भागवलंय? होंडा सिटी, एलिव्हेट आणि अमेझमध्ये पुढचं सगळं काम एकच रुंद कोनाचा कॅमेरा करतो. कोरड्या दिवसा तो उत्तम चालतो. पण पावसाळ्यात खंडाळ्याला धुकं उतरलं, किंवा संध्याकाळी पुण्याहून मुंबईकडे जाताना सूर्य नेमका काचेवर आला, की ओळख आणि अंतर दोन्ही एकदम जातात आणि पडद्यावर ‘तात्पुरतं उपलब्ध नाही’ असा संदेश येतो. रडार असलेल्या गाडीत निदान अंतर मोजणं चालू राहतं. उलट टोकाला महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई आहेत: पाच रडार आणि एक कॅमेरा. पुढच्या कोपऱ्यांतही रडार असले की बाजूने घुसणारं वाहन लवकर दिसतं, आणि आपल्याकडे गरज नेमकी त्याचीच आहे.

आपत्कालीन ब्रेक: पैसे इथेच वसूल

यंत्र टप्प्याटप्प्याने काम करतं. आधी पिंग आणि लाल चिन्ह. मग ब्रेकच्या नळ्यांत दाब भरून ठेवला जातो, म्हणजे तुम्ही पाय टेकवताच पूर्ण ब्रेक लागेल. त्यानंतर हलका ब्रेक, आणि तरीही काही झालं नाही तर पूर्ण. हे सगळं सेकंद-दीड सेकंदात उरकतं. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदी तपासल्या. धडकेचा इशारा आणि आपत्कालीन ब्रेक असलेल्या गाड्यांनी पुढच्या वाहनाला मागून धडक देण्याचं प्रमाण जवळजवळ ५० टक्क्यांनी कमी निघालं. एका सुविधेसाठी हा आकडा फार मोठा आहे. आणि धडक टळली नाही तरी वेग ६० वरून ३० वर आला, की धडकेतली ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते.

आता आपल्या रस्त्यांचा हिशेब. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. म्हणजे इथे आपत्कालीन ब्रेकची खरी परीक्षा दुचाकी आणि पायी चालणाऱ्यांपुढे होते, आणि यंत्र तिथेच सर्वात कच्चं आहे. मोटारीच्या मागच्या पत्र्यावरून रडारचा लख्ख प्रतिध्वनी परत येतो. दुचाकीचा बारीक येतो, आणि शेजारून ट्रक जात असेल तर त्याच्या प्रतिध्वनीत बुडतो. दुचाकीवर मागे दोन पोती, पुढे गॅस सिलिंडर आणि मध्ये तिघं असतील तर कॅमेऱ्याला ती ‘दुचाकी’ वाटेलच असं नाही. डावीकडून पाच-सहा मीटरवर कट मारून कुणी पुढे घुसला, तर तो आपल्याच मार्गात आहे हे ठरवण्यात मोलाचे क्षण जातात आणि उरलेलं अंतर ब्रेकला पुरत नाही. चुकीच्या बाजूने समोरून येणाऱ्या दुचाकीसाठी बहुतेक प्रणाली बनवलेल्याच नाहीत. बऱ्याच गाड्यांची मॅन्युअल जनावरांबद्दल कसलीही हमी देत नाहीत. समृद्धीवर विदर्भात रात्री रोही (नीलगाय) आडवी आली, तर तिथे तुमचे डोळे आणि हेडलाइटच कामाचे.

रात्रीचं आणखी एक. आयआयएचएसच्याच अभ्यासात पादचाऱ्यांना ओळखून लागणाऱ्या ब्रेकमुळे पादचाऱ्यांचे अपघात एकंदर २७ टक्क्यांनी कमी दिसले. मात्र दिवे नसलेल्या रस्त्यावर, अंधारात, काहीच फरक सापडला नाही. आपल्या राज्यमार्गांवर गाव संपलं की दिवे संपतात. तिथे हाय बीम आणि कमी वेग यांना पर्याय नाही.

सर्वात घातक दुबळेपणा मात्र वेगळाच आहे, आणि विक्रेता त्याबद्दल अवाक्षर काढत नाही: थांबलेलं वाहन. हलणाऱ्या वस्तूचा वेग वेगळा येतो, म्हणून रडारला ती लगेच कळते. उभ्या ट्रकचा वेग मात्र रस्त्याकडेच्या रेलिंगइतकाच, पुलाच्या खांबाइतकाच, रस्त्यावर पडलेल्या डब्याइतकाच येतो: शून्य. प्रत्येक खांबासाठी ब्रेक लागू नये म्हणून बऱ्याच प्रणालींत जास्त वेगाला अशा स्थिर प्रतिध्वनींना कमी महत्त्व दिलं जातं. मग सगळा भार कॅमेऱ्यावर येतो, आणि कॅमेऱ्याला तो ट्रक पुरेसा आधी ओळखता आला पाहिजे. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने ऑगस्ट २०२१ मध्ये टेस्लाच्या ऑटोपायलटची चौकशी उघडली, तीच मुळी उभ्या आपत्कालीन वाहनांजवळ झालेल्या ११ अपघातांवरून. त्या चौकशीच्या पाठोपाठ डिसेंबर २०२३ मध्ये २० लाखांहून जास्त गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करावा लागला.

हाच धोका आपल्याकडे कसा दिसतो ते एक्स्प्रेसवेवरून नेहमी जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. बोरघाटात मधल्या लेनमध्ये बंद पडलेला ट्रक, मागे दगड ठेवून केलेली खूण. कोल्हापूर-सांगलीकडे गाळप हंगामात एकामागे एक जोडलेल्या दोन ऊस ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेले, मोळ्या तीन-चार फूट बाहेर आलेल्या. कॅमेऱ्याने शिकलेल्या ‘वाहनाच्या मागच्या बाजू’शी अशा ट्रॉलीचं काहीच साम्य नाही. एडास असलेल्या गाडीनेही हंगामात रात्री त्या रस्त्यांवर ६० च्या वर जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उलटी चूकही होते: काहीच नसताना ब्रेक लागतो. कारणं ठरलेली आहेत. वळणावर नाकासमोर आलेलं मेट्रोचं बॅरिकेड किंवा कडेला उभी गाडी, खोदकामावर टाकलेली लोखंडी प्लेट, टोलनाक्यावर उशिरा उचललं जाणारं फाटक. अशा वेळी मागून चिकटून येणारा टेम्पो आपल्यावर आदळू शकतो. यावर लोक उपाय करतात तो सगळं बंद करण्याचा, आणि तो चुकीचा आहे. सेटिंगमध्ये इशाऱ्याची वेळ सहसा ‘लवकर, नेहमीची, उशिरा’ अशी बदलता येते. शहरात ती ‘उशिरा’ ठेवा आणि ब्रेक मात्र चालूच ठेवा; नाहक पिंगपिंग बऱ्यापैकी थांबते. नको तिथे ब्रेक लागलाच तर अ‍ॅक्सिलरेटर ठामपणे दाबला की यंत्र माघार घेतं. हे घरातल्या प्रत्येक चालकाला माहीत हवं. दुसरी बाजूही लक्षात असू द्या: घाबरून ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला, तर यंत्र तेही तुमचं म्हणणं म्हणून मान्य करू शकतं. आणि काही गाड्यांत ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बटण दाबून धरून पूर्ण बंद केलं, की आपत्कालीन ब्रेकही त्याबरोबर बंद होतो. चिखलातून गाडी काढायला ईएससी बंद केलं असेल, तर डांबरीवर येताच ते परत चालू करा.

मित्राला समोर उभं करून किंवा पुठ्ठ्याचं खोकं ठेवून ब्रेकची परीक्षा घेऊ नये. पुठ्ठ्यावरून रडारला पुरेसा प्रतिध्वनी मिळत नाही आणि खोकं ‘माणूस’ म्हणून कॅमेऱ्याला ओळखू येत नाही. अशा परीक्षेतून काहीच सिद्ध होत नाही, आणि मित्राच्या बाबतीत जिवावर बेतू शकतं.

अडॅप्टिव्ह क्रूझ: सपाट रस्त्यावर गुणी, घाटात नाही

पुढच्या गाडीचं अंतर राखत वेग कमी-जास्त करणारी ही सोय लांबच्या प्रवासात थकवा खरोखर कमी करते. मात्र तिचा ब्रेक किती ताकदीचा असतो ते समजून घ्या. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे जास्त वेगाला क्रूझने साधारण ३.५ मीटर प्रति सेकंद वर्गापेक्षा जोरात ब्रेक लावायचा नसतो, म्हणजे गचका बसत नाही. या बेताने १०० च्या वेगावरून पूर्ण थांबायला ११० मीटर लागतात, आणि समृद्धीच्या १२० च्या मर्यादेवरून जवळजवळ १६० मीटर. माणसाने कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक मारला तर १०० वरून साधारण ५० मीटरमध्ये गाडी उभी राहते, त्यात भानावर यायला लागणाऱ्या एका सेकंदाचे २८ मीटर वेगळे.

आता हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. क्रूझ १०० वर, पुढे एक एसयूव्ही, अंतर ४० मीटर. एसयूव्हीवाल्याला बंद पडलेला ट्रक दिसतो आणि तो शेवटच्या क्षणी लेन बदलतो. यंत्राच्या दृष्टीने आता रस्ता मोकळा झाला. जो ट्रक उघडा पडला तो स्थिर, म्हणून संशयास्पद. ठरवलेला वेग गाठायला गाडी उलट थोडी पुढेच ओढते. आपत्कालीन ब्रेक लागला तरी हातात उरलेले ५०-६० मीटर त्याला पुरतीलच असं नाही. म्हणून क्रूझवर असताना पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत राहू नका. तिच्या काचेतून पलीकडे, तिच्याही पुढच्या वाहनाकडे बघा. आणि पुढच्या गाडीने अचानक लेन बदलली की विचार न करता ब्रेकवर पाय न्या. एक्स्प्रेसवेवर क्रूझ वापरणाऱ्याला एकच सवय लावायची असेल, तर ही लावावी.

अंतराचं बटण बहुतेकांना ठाऊक नसतं. ह्युंदाईच्या मॅन्युअलमध्ये ९० च्या वेगाला चार पायऱ्या दिल्या आहेत: साधारण २५, ३२.५, ४० आणि ५२.५ मीटर. सर्वात जवळची पायरी म्हणजे जेमतेम एक सेकंद. आपल्याकडे चौथी पायरी ठेवली की त्या फटीत प्रत्येक जण घुसतो आणि गाडी सतत ब्रेक लावत बसते. आम्ही तिसरी सुचवतो, पावसात चौथी. पहिली तर वापरूच नये.

घाटात क्रूझ बंद. खंडाळ्याकडून खोपोलीकडे उतरताना वेग धरून ठेवायला यंत्र वारंवार ब्रेक लावतं. ब्रेक तापतात, पॅड झिजतात. खालचा गिअर टाकून इंजिनने गाडी रोखण्याचं काम चालकाचंच. शिवाय वळणावर पुढची गाडी रडारच्या झोतातून निसटते, यंत्राला वाटतं रस्ता मोकळा, आणि वळणातच गाडी वेग घेते. तीव्र उतार आणि नागमोडी रस्ता यांवर क्रूझ वापरू नका, असं मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं.

खोळंब्यात चालणारा ‘स्टॉप अँड गो’ प्रकार हवा असेल तर मॉडेल नीट तपासा. होंडा सिटीच्या पेट्रोल गाडीत क्रूझ ३० च्या खाली सोडून देतो. २०२३ नंतरच्या हायब्रिडमध्ये अगदी कमी वेगाचा पाठलाग आहे. क्रेटाच्या ऑटोमॅटिकमध्ये गाडी पूर्ण थांबते, आणि साधारण तीन सेकंदांत पुढची हलली तर आपोआप सुटते. जास्त वेळ गेला तर अ‍ॅक्सिलरेटरला स्पर्श करावा लागतो. सुटण्याआधी दोन गाड्यांच्या मधून कुणी चालत नाही ना, हे बघणं तुमच्याकडेच असतं.

लेनमध्ये राहणं

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, रेघ ओलांडताना स्टिअरिंग हलकेच आत ढकलणारी. दुसरी, गाडी सतत लेनच्या मध्यावर धरणारी. दोन्हींना विजेवर चालणारं स्टिअरिंग लागतं. २०२३ च्या सुरुवातीला एडास आलेल्या टाटा हॅरियरला हायड्रॉलिक स्टिअरिंग होतं, म्हणून तिच्यात लेनचा फक्त इशारा होता. त्याच वर्षाच्या नव्या रूपात विजेचं स्टिअरिंग आलं. जुनी हॅरियर घेणाऱ्याने कोणत्या महिन्याची गाडी आहे ते जरूर बघावं.

या सुविधेबद्दल आमचं मत कडक आहे. रेघेबाहेर जाताना सावध करणारा भाग महामार्गावर चालू ठेवा. मध्यावर धरणारा भाग सोय म्हणून ठीक, सुरक्षा म्हणून त्याला किंमत देऊ नका. आयआयएचएसने २०२४ मध्ये अशा अर्धस्वयंचलित सोयींचे अपघातांवरचे परिणाम तपासले, तेव्हा त्यामुळे अपघात कमी होतात याचा ठोस पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी चालकाचं लक्ष रस्त्यावर ठेवायला लावणाऱ्या व्यवस्थेबद्दल त्यांनी १४ प्रणालींना गुण दिले, त्यांतल्या ११ ‘निकृष्ट’ ठरल्या. यंत्र जितकं गुळगुळीत चालतं, तितकं माणसाचं लक्ष उडतं. समृद्धीच्या लांबलचक सरळ पट्ट्यांवर ही गोष्ट जास्तच गंभीर आहे, कारण तिथे मुळातच डोळ्यांवर झापड येते. त्यात आणखी एक गुंता आहे: बऱ्याच गाड्यांत चालकाची पेंग स्टिअरिंगच्या हालचालींवरून ओळखली जाते. स्टिअरिंग यंत्रच फिरवत असेल तर तो अंदाज कमकुवत होतो. समृद्धीवर दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करणं हे कुठल्याही इशाऱ्यापेक्षा भरवशाचं.

समृद्धीवर रेघा ओळखण्यातही अडचण येते. रस्ता काँक्रीटचा, रंगाने पांढुरका, त्यावर पांढरी रेघ. भर दुपारी दोन्हींतला फरक कॅमेऱ्याला पुसट दिसतो. पट्ट्यांच्या सांध्यांवर भरलेल्या काळ्या मसाल्याच्या ओळी कधी रेघेसारख्या वाटतात. इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात शिरताना आणि बाहेर पडताना उजेड एकदम बदलतो, तेवढ्यापुरता कॅमेरा दिपतो. बोगद्याच्या तोंडाशी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट हवेत.

घाटातल्या वळणांचं गणितही सांगता येतं. संयुक्त राष्ट्रांच्या स्टिअरिंगसंबंधीच्या आर ७९ नियमात अशा प्रणालीने बाजूला किती जोर लावायचा याची कमाल मर्यादा ३ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. त्या हिशेबाने ८० च्या वेगाला साधारण १६५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण यंत्राला झेपणार नाही. ६० ला सुमारे ९३ मीटर. वळण त्याहून आवळ असेल तर यंत्र मध्येच सोडून देतं, आणि तेही वळणाच्या ऐन पोटात. वरंधा, आंबोली, कुंभार्ली या घाटांत ही सोय चालू ठेवण्याचं काहीच कारण नाही.

त्याच नियमात हात स्टिअरिंगवरून काढल्यावर जास्तीत जास्त १५ सेकंदांत इशारा द्यावा असं आहे. ही जाणीव बहुधा स्टिअरिंगवरच्या हलक्या जोरावरून होते, म्हणून काही जण पाण्याची बाटली अडकवून यंत्राला फसवतात. असं करणाऱ्याच्या गाडीत बसू नका.

गावातून जाताना लेनचा सगळा प्रकार बंद ठेवावा. खड्डा किंवा सायकलवाला चुकवायला तुम्ही रेघेवर गेलात की स्टिअरिंग उलटा हिसका देतं. तो हिसका हाताने सहज मोडता येतो, पण नवख्याला दचकायला होतं. इंडिकेटर दिला की यंत्र गप्प बसतं, ही त्यातल्या त्यात चांगली सवय लावणारी गोष्ट.

मागचे कोपरे

ब्लाइंड स्पॉट आणि रिव्हर्सच्या इशाऱ्यांबद्दल फार बोलायला नको, कारण ते चालतात. आपल्याकडे डावीकडून ओव्हरटेक करणारे जास्त, त्यामुळे आरशातला केशरी दिवा रोज उपयोगी पडतो. सोसायटीच्या फाटकातून मागे येताना आडवी येणारी रिक्षा कॅमेऱ्याच्या पडद्यात दिसण्याआधी रडारला कळते. होंडा सिटीत फक्त डाव्या आरशाखाली कॅमेरा आहे, रडार नाही. तो बघावा लागतो, आपणहून ओरडत नाही. मागे लोखंडी गार्ड लावून घेतलात तर कोपऱ्यांतल्या रडारची वाट अडू शकते.

भरवसा इथे तुटतो: काच, बंपर आणि हार

बिघाडांची मोठी कारणं गाडीबाहेर नसून मालकाच्या आणि गॅरेजच्या हातात असतात. पुढची काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा नेमकी जुळवणं, करावंच लागतं. कॅमेरा बाजूला एक अंश जरी फिरलेला राहिला, तर १०० मीटरवर चूक पावणेदोन मीटरची होते, म्हणजे जवळजवळ अर्धी लेन. शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्या लेनमध्ये आहे असं गाडीला वाटेल, किंवा त्याच्या उलट.

योग्य पद्धत अशी. आधी चारही टायरांची हवा नेमकी करून व्हील अलाइनमेंट. मग सपाट फरशीवर, डिकी रिकामी ठेवून, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर आणि उंचीवर खुणांचा फलक लावून स्कॅनरने कॅलिब्रेशन. काही गाड्यांत त्याऐवजी किंवा त्यानंतर स्पष्ट रेघा असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवून ते पूर्ण होतं. कोपऱ्यावरचा काचवाला ‘दिवा पेटला नाही ना, मग झालं’ म्हणेल. ते मानू नका. दिवा न पेटताही कॅमेरा वाकडा असू शकतो. काच कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटसहितची हवी, आणि कॅलिब्रेशनचा छापील अहवाल हातात हवा. विम्याच्या दाव्यात काचेबरोबर कॅलिब्रेशनचा खर्च मंजूर आहे का, हे काम सुरू होण्याआधी लेखी विचारून घ्या.

बंपर ठोकून, पुटी भरून, रंगवून घेतला तर? ७७ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ४ मिलिमीटरच्या आत आहे. रडारच्या समोर एक-दोन मिलिमीटर पुटी किंवा जाड धातूमिश्रित रंगाचे थर आले की लहर वळते आणि कमजोर होते. रडारसमोरचा भाग दुरुस्त करू नये, बदलावा. गाडीची उंची वाढवणं, मोठे टायर लावणं यानेही कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो.

फास्टॅग आरशामागे लावतात, कॅमेराही तिथेच असतो. कॅमेऱ्यासमोरच्या मोकळ्या चौकोनाला धक्का न लावता फास्टॅग बाजूला लावा, डॅशकॅमही. डॅशबोर्डवर पांढरं कापड किंवा चकचकीत मूर्ती ठेवली तर तिचं प्रतिबिंब काचेत पडून कॅमेऱ्याला त्रास होतो. खंडेनवमी-दसऱ्याला झेंडूचा हार जाळीवर घाला, पण पूजा झाली की गाडी काढण्याआधी उतरवा. हार नेमका रडारसमोर येतो. लिंबू-मिरची आणि पुढच्या नंबरप्लेटभोवतीच्या जाड चौकटींचंही तेच. पावसाळ्यात चिखलाचा थर बसला की ‘रडार झाकला आहे’ असा संदेश येतो. ओल्या फडक्याने पुसला की पुरतं. प्रेशर वॉशरचा फवारा त्यावर जवळून मारू नका.

टेस्लाच्या सहा लाखांबद्दल

जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या बीकेसीत टेस्लाची मॉडेल वाय विकायला आली, तेव्हा ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’साठी ६ लाख वेगळे होते आणि ती सोय भारतात चालत नव्हती. अमेरिकेतही तिच्या नावापुढे २०२४ पासून ‘देखरेखीखाली’ असा शब्द जोडलेला आहे, म्हणजे तीही दुसऱ्याच पातळीवरची. चालकाने नजर काढली तरी चालेल अशी तिसरी पातळी मर्सिडीजने जर्मनीत २०२२ मध्ये दिली, तीही सुरुवातीला महामार्गावरच्या गर्दीत, ६० च्या आत. भविष्यातल्या आशेवर आज एवढे पैसे देऊ नयेत.

घेताना आणि जुनी घेताना

टेस्ट ड्राइव्ह दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मागा, शोरूमभोवतीच्या गल्लीत नको. क्रूझ ६० वर लावा, अंतर तिसऱ्या पायरीवर, आणि पुढे कुणी हळू घुसलं की गाडी ब्रेक कसा लावते ते बघा: आधीपासून हलका लावते की उशिरा जोरात. आवळत जाणाऱ्या वळणावर लेनचा हिरवा दिवा पांढरा कधी होतो आणि त्याचा आवाज येतो का, हे पाहा. नुसता दिवा बदलून गप्प बसणारी गाडी आमच्या यादीत खाली जाते. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन ब्रेक, लेन आणि इशारे वेगवेगळे बंद करता येतात का ते बघा, आणि गाडी बंद करून परत चालू केल्यावर काय टिकतं तेही.

जुनी गाडी घेत असाल तर पुढच्या काचेच्या कोपऱ्यातल्या छापावरचं वर्ष बाकीच्या काचांशी जुळतं का बघा. जुळत नसेल तर काच बदललेली आहे. कॅलिब्रेशनचा कागद मागा. पुढच्या बंपरवर रंगाची जाडी मोजणारं यंत्र चालत नाही, कारण ते धातूवरच चालतं. म्हणून जाळीमागे टॉर्च मारून रडारचा ब्रॅकेट वाकलेला नाही ना, स्क्रू उघडल्याच्या खुणा नाहीत ना, ते डोळ्यांनी तपासा. स्कॅनर लावून एडासचे जुने दोष-संकेत वाचून घ्या. कागद नसेल तर अलाइनमेंट आणि कॅलिब्रेशनचा खर्च सौद्यातून वजा करा, आणि ते काम होईपर्यंत अडॅप्टिव्ह क्रूझ आणि लेन बंद ठेवून गाडी चालवा.